मंजूर झालेलं पोट

फाइल उघडली आणि डॉ. ओतीलियाच्या मनात पाल चुकचुकली.

फोटो नियमाप्रमाणेच होता. हनुवटीच्या खालपासून मांड्यांच्या मध्यापर्यंत, समोरून, भरपूर उजेडात. चेहरा घ्यायचा नाही हा राज्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्य निधीचाच नियम होता, बाईमाणसाची अब्रू राहावी म्हणून केलेला. पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती आणि दोन हातांनी ती वर उचलून धरली होती. खालची जागा लाल, ओली, ठिकठिकाणी सोललेली. अशी पोटं ओतीलियाने अकरा वर्षांत हजारावर पाहिली होती. जठर लहान करून घेतलेल्या, साठ-सत्तर किलो उतरलेल्या माणसांची पोटं. चरबी जाते, कातडी जात नाही. ती कापून टाकायची शस्त्रक्रिया निधीच्या खर्चाने करायची की नाही, हे ठरवणं हेच तिचं काम होतं. दुखणं असेल तर हो, नुसतं सुंदर दिसायचं असेल तर नाही.

पण हे पोट तिने आधी पाहिलं होतं.

बेंबीच्या वर, डाव्या अंगाला, साधारण तीन सेंटिमीटरवर एक तीळ होता. जठराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दुर्बिणीसाठी पाडलेल्या पाच भोकांचे पाच व्रण होते, आणि त्यांतला उजवीकडचा खालचा तांदळाच्या दाण्यासारखा फुगलेला होता. तीळ कोणालाही असतो. पाच व्रण तर या सगळ्यांनाच असतात. पण तो तीळ आणि तो फुगलेला दाणा नेमके त्याच अंतरावर दोन निरनिराळ्या बायकांच्या पोटावर असणं, ही गोष्ट तिच्या हिशेबात बसेना.

तिने फाइलवरचं नाव वाचलं. मार्लूसी, वय सेहेचाळीस, सरकारी शाळेत स्वयंपाकीण. वजन एकशे अडतीसवरून एकाहत्तर. दुसरा अर्ज. दुसरा म्हणजे शेवटचा; हा फेटाळला की फाइल कायमची बंद.

ती उठून कपाटाकडे गेली. कारकून आदेमीरने खुर्चीतूनच मान वळवली.

"आज कोणाला फासावर देताय, डॉक्टरबाई?"

"मंजूर झालेल्या फाइली काढ. गेल्या दीड वर्षाच्या."

"सगळ्या? तुमचं लग्न झालं असतं तर नवऱ्याचे खिसे तपासण्यात हा वेळ छान गेला असता."

"खिसे तपासले म्हणूनच झालं नाही. काढ."

पाऊण तासात दोन फोटो सापडले. एक गेल्या वर्षीचा, देउझा नावाच्या बाईचा. दुसरा दोन महिन्यांपूर्वीचा, योलेती नावाच्या बाईचा. तो जरा काळसर छापलेला आणि कडेने कापलेला, म्हणून तेव्हा नजरेतून सुटला होता. पट्टीने अंतरं मोजली. तीन फाइली, तीन नावं, एक पोट. आणि आधीच्या दोन्ही फाइलींवर "मंजूर" खाली तिचीच सही.

तिघींचा सर्जन एकच होता. नक्कीच त्याच्या क्लिनिकमध्ये पाणी मुरत होतं. तिथे एक चांगला सडका फोटो ठेवलेला असणार आणि जी येईल तिच्या फाइलला तो डकवला जात असणार.

"क्लिनिकला कळवू?" आदेमीरने विचारलं.

"अजिबात नाही. बाईलाच बोलाव. मंगळवारी सकाळी. तपासणी आहे एवढंच सांग."

मंगळवारी मार्लूसीच्या आधी तिचा वास खोलीत शिरला. बाजारातल्या बायका कुपीत भरून विकतात ते सुगंधी मुळांचं अत्तर, आणि त्याखाली साबण. केस ओले, विंचरून घट्ट बांधलेले. पांढरा ब्लाउज इतका कडक इस्त्रीचा की बसल्यावर तो कुरकुरला.

"बसा, मार्लूसीबाई. हा फोटो कुठे काढला?"

"क्लिनिकात."

"कोणी?"

"तिथल्या मुलीनं."

"कधी?"

"मार्चमध्ये." मग जरा थांबून, "का एप्रिलमध्ये."

ओतीलियाने ते टिपून घेतलं. अकरा वर्षांत तिने नवऱ्याच्या मांडीवरचा नायटा बायकोच्या नावावर खपवलेला पाहिला होता, बहिणीचा रक्ताचा अहवाल पाहिला होता, एकदा तर कुत्र्याचा एक्स-रे. खोटं बोलणारी माणसं आधी तारखेत अडखळतात.

तिने मार्लूसीला टेबलावर झोपवलं, मग उभं केलं, मोजपट्टी लावली. कातडीचा पदर जांघेच्या रेषेच्या खाली अकरा सेंटिमीटर उतरत होता. पदर उचलला. खाली कोरडी, स्वच्छ कातडी. घडीत मक्याच्या पिठाची पांढरी रेघ. लाली नाही, भेग नाही, अत्तराखेरीज कसला वास नाही. फक्त एक आडवा पट्टा आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट आणि हाताला जाडसर.

तीळ नव्हता. पाच व्रण सपाट आणि फिके होते.

"कपडे घाला." ओतीलिया टेबलामागे जाऊन बसली आणि तिने फोटो पुढे सरकवला. "हे पोट कोणाचं?"

मार्लूसीने फोटोकडे पाहिलंच नाही. ती ब्लाउजची बटणं लावत राहिली.

"बाईचं."

"कोणत्या बाईचं?"

"जिला तुम्ही मंजूर केलंत, त्या बाईचं."

"क्लिनिकने दिला?"

"क्लिनिकवाले काय देतात! ते कागद टाचतात. त्यांना मी माझ्या मावशीचा फोटो दिला असता तरी टाचला असता."

"म्हणजे फोटो खोटा हे तुम्ही मान्य करता. आणि तुमची कातडी निरोगी आहे हे मी आत्ताच पाहिलं. आता मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

"निरोगी?" मार्लूसी हसली, पण हसताना तिचा हात आपोआप पोटाखाली गेला. "डॉक्टरबाई, ही निरोगी कातडी रोज माझे तीन तास खाते. दिवसाला तीन आंघोळी. प्रत्येक आंघोळीनंतर केस वाळवायचं यंत्र थंड वाऱ्यावर लावून उचलून धरायची, वीस मिनिटं. मग पीठ. मग जुन्या उशीच्या अभ्र्याच्या पट्ट्या घडीत भरायच्या. शाळेत दर दोन तासांनी संडासात जाऊन पट्टी बदलायची. मुख्याध्यापिका म्हणते, मार्लूसी, तुला मधुमेह आहे का? मी म्हणते हो. ते सांगायला सोपं."

"आणि आज हे सगळं करून आलात?"

"आज तर जास्तच केलं. पहाटे चारला उठले. डॉक्टरकडे कोणी घाणेरडं जातं का? माझी आई सांगायची, डॉक्टरकडे जाताना आतले कपडेसुद्धा नवे घालावेत. काय ठाऊक, तिथेच मेलो तर!"

ओतीलियाला हसू आलं नाही. प्रत्येकाकडे एक गोष्ट तयार असते आणि चांगली गोष्ट ही तिच्या दृष्टीने आणखी एक वाईट लक्षण होती. काळपट पट्टा मात्र तिला सोडत नव्हता. वारंवार सूज आलेली कातडी तशी काळवंडते. पण शेवटची सूज केव्हाची, महिन्याभरापूर्वीची की तीन वर्षांपूर्वीची, हे कातडी सांगत नाही. म्हणजे शक्यता दोनच. एकतर ही बाई रोज तीन तास राबून रोग रोखून धरत होती, किंवा रोगच नव्हता आणि तीन तासांची कहाणी रचलेली होती. यातलं खरं काय, ते बोलून कळणार नव्हतं. करून बघायला हवं होतं.

"आजपासून पीठ बंद," ती म्हणाली. "वारा बंद, पट्ट्या बंद. आंघोळ सकाळी एक, संध्याकाळी एक, सगळं शहर करतं तेवढी. कामावर जायचं. सोमवारी मला दाखवायला यायचं."

मार्लूसीने बटण लावता लावता हात थांबवला.

"अस्सं. म्हणजे मी कुजून यायचं आणि तुम्ही सातव्या रकान्यात बरोबरची खूण करायची."

ओतीलियाने मान वर केली. सातवा रकाना "अस्वच्छतेमुळे झालेला त्रास" असा होता. तिथे खूण झाली की अर्ज फेटाळला जाई. वर्षाकाठी तीसेक वेळा तरी ती तिथे खूण करत असे.

"सातव्या रकान्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आम्ही पोटवाल्या बायका एकमेकींना सगळं सांगतो. स्वच्छ गेलीस तर रोग नाही. रोग घेऊन गेलीस तर अस्वच्छ. दोन्हीकडून दार बंद. सांगा ना, कशी यायची मी? अर्धी धुऊन?"

हे ओतीलियाने कधी असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. दोन रकाने, दोन्ही तिनेच भरलेले, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

"मी लिहून देते," ती म्हणाली.

"काय?"

"की हे माझ्या सांगण्यावरून केलं."

तिने लिहिलं. मार्लूसीने कागद उजेडात धरून शब्दाशब्दावर बोट फिरवत वाचला.

"शिक्का?"

ओतीलियाने शिक्का मारला.

"तारीख नाही घातलीत."

तिने तारीख घातली. मार्लूसीने कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि दारात वळून म्हणाली, "दुपारच्या रोजच्या पावसाच्या आधी येऊ की नंतर?"

"आधी."

शुक्रवारी ओतीलियाने कार्यालयात काही न सांगता बस पकडली. कारण साधं होतं. कातडी घासून लाल करायला दहा मिनिटं पुरतात. घासलेली लाली आणि घामाने कुजलेली लाली यांतला फरक तिला ओळखता येत होता, तरी बाई सोमवारपर्यंत काय करते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

शाळा जुरुनास वस्तीत नदीच्या बाजूला होती. स्वयंपाकघराला एक खिडकी, तीही वाढपाची. आत तीन चुलींवर तीन पातेली. छतावर तापलेला पत्रा. ती दारात उभी राहिली तेव्हा चष्म्यावर वाफ धरली.

"आल्या!" एक बाई आतून ओरडली. पन्नाशीची, सडपातळ, डोक्याला फडकं. "आणखी एक तपासणीवाली! या बाई, या. मीठ मोजा, तेल मोजा, माझा जीव मोजा. गेल्या महिन्यात आलेली म्हणाली, घेवड्यात मांस कमी आहे. म्हटलं, तूच उडी मार आत!"

ओतीलियाने तो समज खोडला नाही. नुसतं म्हणाली, "चालू द्या तुमचं."

मार्लूसी तिकडच्या टोकाच्या पातेल्यापाशी होती, पाठमोरी, जरा तिरकी. उजव्या हाताने ती भात हलवत होती. डावा हात कोपरापासून पोटाखाली घालून तिने ॲप्रनवरूनच तो सगळा पदर वर उचलून धरला होता. थोडा वेळ धरला, सोडला. पुन्हा भात हलवला. पुन्हा उचलला. ओतीलियाने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत सात वेळा. कोणी पाहत नव्हतं. तिचं तिला कळतही नसावं. लेकुरवाळी जशी नकळत कडेवरचं मूल सावरते, तसंच काहीसं. हे कुठल्या रकान्यात बसेल, याचा ओतीलिया विचार करत राहिली.

तेवढ्यात बोलक्या बाईने वरच्या फळीवरचा मांडीओका कंदाच्या पिठाचा डबा काढायला हात वर केले. तिचा सदरा वर गेला. परकराच्या नाडीला लागून एक तीळ होता. डाव्या अंगाला.

बेंबीच्या वर नव्हे, खाली, चांगला वीतभर वाटावा इतका खाली. पण ओतीलियाला हिशेब करायला क्षण पुरला. शस्त्रक्रियेत बेंबी जागची हलत नाही. खालची कातडी कापून काढतात आणि वरची पडद्यासारखी ओढून खाली शिवतात, बेंबीसाठी नवं भोक पाडतात. बेंबीच्या वर तीन सेंटिमीटरवरचा तीळ उतरून तिथेच यायला हवा होता.

"तुमचा तीळ पूर्वी वर होता," ती म्हणाली.

बाईने डबा खाली ठेवला. सदरा सावकाश ओढला.

"तुम्ही आहार खात्याच्या नाहीत."

"नाही. तुम्ही देउझा. तुमच्या फाइलवर माझी सही आहे."

देउझाने एकदा मार्लूसीच्या पाठीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "तिला यात ओढू नका. ती नको नको म्हणत होती. मीच तो फोटो तिच्या पदरात टाकला."

"किती घेतले?"

"काय घेतले?" देउझाने कमरेवर हात ठेवले. "पोटाच्या फोटोचे कोणी पैसे घेतं? डॉक्टरबाई, शेजारणीला मी विरजण देते, त्याचे घेते का? पहिल्या वेळी काय झालं ठाऊक आहे? ही गेली फोटो काढायला. न्हाऊन-माखून, पीठ लावून, अगदी नवरीसारखी. तुम्ही लोकांनी लिहून पाठवलं, रोगच नाही. रडली नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पातेलं चढवलं. मी म्हटलं, बाई गं, तुझं पोट नापास झालंय, माझं पास झालंय. मंजूर झालेलं पोट आहे, शकुनाचं आहे, घे."

"आणि योलेती?"

"तिला पण दिलं. तिचं बघितलं असतंत तर जेवण गेलं नसतं तुम्हाला."

"तुम्ही का नाही न्हाऊन गेलात, फोटोच्या वेळी?"

देउझाने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "आमच्याकडे त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं," ती म्हणाली. "नाहीतर मीही नापास."

तिकडे मार्लूसी वळली. दोघींची नजरानजर झाली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, जणू ही बाई पाळतीला येणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. तिने डावा हात पोटाखालून काढून घेतला आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "वाढा!"

कार्यालयात परतल्यावर ओतीलियाने मार्लूसीचा पहिला अर्ज काढायला लावला. देउझाच्या शब्दावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं. पण फोटो होता. काळपट पट्टा, पांढरी रेघ, ओले केस खांद्यावर. खाली दोन ओळी: "त्वचा स्वच्छ. केवळ सौंदर्यासाठी." अक्षर तिचंच. तो दिवस तिने नोंदवहीत पाहिला. त्या दिवशी तिने सव्वीस फाइली निकालात काढल्या होत्या.

आदेमीर मागून डोकावला. "सापडला का चोर?"

"दार लावून घे," ती म्हणाली.

शनिवार-रविवार तिने निधीची नियमावली वाचण्यात घालवला. खोटा कागद जोडलेला आढळल्यास अर्ज रद्द. हे तिला पाठच होतं. पण त्याच्या चार पानं पुढे, कोणी न वापरलेलं एक कलम होतं: निर्णय नोंदवला जाईपर्यंत अर्जदाराला जोडलेला कोणताही कागद स्वहस्ते लिहून मागे घेता येतो. मागे घेतलेला कागद विचारात घेऊ नये. तिने ते तीनदा वाचलं. कलमात कुठे पळवाट दिसली की तिला नेहमी राग यायचा. या वेळी तिने तिथे पेन्सिलने बारीक रेघ ओढली.

सोमवारी मार्लूसी आली तेव्हा तिच्या आधी कसलाच सुगंध आला नाही. ती सैल झग्यात होती आणि पाय फाकवून चालत होती.

"बसा."

"नाही बसत. बसमध्येही उभीच होते. जागा होती, तरी." तिने झगा वर करायला सुरुवात केली. "एक म्हातारा बाजूला सरकला. नाकाला रुमाल लावला त्यानं. पस्तीस वर्षं झाली मला या शहरात, कोणी माझ्यापासून सरकलं नव्हतं. ते पण लिहा कुठेतरी, रकाना असला तर."

ओतीलियाने हातमोजे घातले आणि पदर उचलला. मार्लूसीने दात आवळून श्वास आत ओढला.

पट्टा आता काळपट राहिला नव्हता. जांघेपासून जांघेपर्यंत लाल, ओलसर, चकाकणारा. मधोमध चार सेंटिमीटरची भेग, कडा पांढऱ्या, भिजलेल्या. मुख्य डागाच्या बाहेर सुटे सुटे लाल ठिपके विखुरलेले होते, बुरशीचे. घासून आणलेल्या लालीला असे ठिपके नसतात. ते कोणालाही बनवता येत नाहीत. ओतीलियाने तरीही भिंगाने पाहिलं, नखाचे ओरखडे आहेत का ते शोधलं. नव्हते. मग मोजमाप घेतलं, फोटो काढले, आणि खणातून मलम काढून स्वतःच्या हाताने लावलं.

"पटलं?" मार्लूसीने वर छताकडे पाहत विचारलं.

"पटलं."

"शुक्रवारी पटलं नव्हतं?"

"शुक्रवारीही पटलं होतं. पण ते लिहिता येत नव्हतं."

तिने मार्लूसीला झगा नीट करू दिला आणि टेबलावर दोन कागद ठेवले. एक निर्णयाचा छापील फॉर्म, कोरा. दुसरा नुसता पांढरा कागद.

"आता नीट ऐका. तुमच्या फाइलमध्ये तो फोटो आहे तोवर मला ती मंजूर करता येत नाही. तो मागे घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. या पांढऱ्या कागदावर तुमच्या हाताने लिहायचं: जोडलेला फोटो माझा नाही, तो मी परत घेते. मग मी आज काढलेले फोटो लावते आणि मंजुरी देते."

मार्लूसीने पांढऱ्या कागदाला हातही लावला नाही.

"म्हणजे मी लिहून द्यायचं की मी खोटं केलं."

"फोटो तुमचा नाही, एवढंच. कोणाचा ते नियमात विचारलेलं नाही आणि मीही विचारत नाही."

"आणि मी लिहिल्यावर तुम्ही तोच कागद धरून फाइल बंद केलीत तर?"

"तर तुम्हाला काही करता येणार नाही."

"हे तुम्ही तोंडावर सांगताय!"

"खरं आहे म्हणून सांगते."

"डॉक्टरबाई, तुम्ही मला सहा दिवस कुजवलंत. माझ्या स्वयंपाकघरात चोरासारख्या येऊन उभ्या राहिलात. आत्तासुद्धा भिंग घेऊन बघत होतात, मी खाजवलं का म्हणून. तुम्ही माझ्यावर कणभर विश्वास टाकला नाहीत. आणि मी आपल्या हातानं गळ्यात दोरी घालून टोक तुमच्या हातात द्यायचं?" तिने फॉर्मकडे बोट केलं. "आधी तुम्ही सही करा."

"तसं चालत नाही. आधी फोटो मागे घेतला गेला पाहिजे. सही आधी झाली आणि तुम्ही लिहिलंच नाहीत, तर खोट्या फोटोवर मंजुरी दिल्याचा ठपका माझ्यावर येईल. तिसऱ्यांदा."

"मग घाबरता तुम्ही पण."

"हो."

"बरं वाटलं ऐकून," मार्लूसी म्हणाली, आणि उभीच राहिली.

बाहेर आकाश भरून येऊ लागलं होतं. आदेमीर पलीकडच्या खोलीत खिडक्या लावत होता. ओतीलियाने फॉर्म स्वतःकडे ओढला. बाईने कागद उचलला आणि चालती झाली तर? ही शक्यता तिने झटकून टाकली नाही. तिला तशी सवयच नव्हती. तिने ती नीट तोलून पाहिली. समोरची बाई एकदा खोटं बोलली होती, ते तिला ठाऊक होतं. आणि त्याआधी तिने स्वतः या बाईबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, न पाहता, सव्वीसमधली एक म्हणून. कोणाकडे किती पुरावा होता, हे मोजायला गेलं तर पारडं तिच्या बाजूला झुकत नव्हतं.

तिने सातवा रकाना आडव्या रेघेने खोडला. निष्कर्षाच्या जागी तीन ओळींत मोजमापं लिहिली. "मंजूर" लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि या वेळी कोणी सांगायच्या आत तारीख घातली. मग फॉर्म उलटा फिरवून मार्लूसीपुढे सरकवला आणि त्याच्यावर पेन ठेवलं.

मार्लूसीने पेन बाजूला केलं. फॉर्म उचलला, उजेडात धरला, आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. बोट हळूहळू सरकत होतं. "भेग, चार सेंटिमीटर" पाशी ते थांबलं, तिने पोटाकडे पाहिलं, पुढे गेली. सातव्या रकान्यापाशी पुन्हा थांबलं. शिक्क्यावरची शाई ओली आहे का, हे तिने करंगळीच्या टोकाने पाहिलं. फॉर्म तिच्या हातात होता आणि दार तिच्या मागे तीन पावलांवर. ओतीलियाने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ते तिने तिथून हलवले नाहीत.

"खाली तुमचं नाव पूर्ण नाही लिहिलंत," मार्लूसी म्हणाली.

ओतीलियाने हात पुढे केला. मार्लूसीने फॉर्म टेबलावर ठेवला, पण एक कोपरा अंगठ्याखाली दाबून. ओतीलियाने तसंच, तिच्या अंगठ्याच्या बाजूने, पूर्ण नाव लिहिलं.

मग मार्लूसी टेबलावर वाकली. बसता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच, डाव्या हाताने पोट वर धरून, तिने पांढऱ्या कागदावर लिहायला सुरुवात केली. अक्षर शाळेतल्या फळ्यावर जेवणाचा तक्ता लिहायच्या सवयीचं, मोठं आणि गोल. एक ओळ झाली. तिने ती वाचली आणि आपण होऊन खाली दुसरी जोडली: "आज काढलेले फोटो माझे आहेत. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर काढले." सही केली. तारीख घातली.

दोन्ही कागद तिने एकावर एक ठेवून ओतीलियाकडे दिले आणि पेनचं टोपण लावलं.

"इथे न्हाणीघर आहे का?" तिने विचारलं. "मी अशी परत बसमध्ये चढणार नाही."

ओतीलियाने खणातून किल्ली काढली. कर्मचाऱ्यांचं न्हाणीघर जिन्याखाली होतं. तिने कपाटातला स्वतःचा टॉवेल घेतला, साबणाची नवी वडी घेतली, आणि पुढे होऊन दार उघडून दिलं.

"भेगेवर साबण लावू नका," ती म्हणाली. "आणि पुसताना टिपून घ्या, घासू नका."

"मला शिकवताय?" आतून मार्लूसीचा आवाज आला, आणि कडी लागली.